शेठच्या कचेरीतली भिशी

"ऊठ. ऊठ आधी त्या खुर्चीवरून." आचारी ओरडत होता. "खुर्ची या मंडपवाल्याची. हातातला चहा त्या चहावाल्याचा. मागं भिंतीवर तुझा दात काढलेला फोटो हाय, त्याचे पैसे फ्लेक्सवाल्याला नाय दिले. या खोलीत तुझं सोताचं काय हाय, तेवढं एक सांग, मी गप घरी जातो."

शेठनं प्रश्न मनावर घेतला. खोलीभर नजर फिरवली, छताकडं बघितलं, टेबलाखाली वाकून बघितलं आणि मग पाय पुढं करून पांढरे चकचकीत बूट दाखवले.

"हे माझे आहेत, मामा," तो म्हणाला. "म्हणजे एक. दुसऱ्याचे द्यायचे राहिलेत."

आता यावर माणसानं काय करावं? आचाऱ्यानं दोन्ही हात वर नेले, ते तसेच खाली आणले आणि तो माझ्याच दुसऱ्या खुर्चीवर बसला. हा आचारी गुलमंडीवर ओरडला की शहागंजच्या घड्याळाचा काटा दोन मिनिटं पुढं सरकतो, असं मी पुष्कळांना सांगितलंय आणि आजवर कुणी ते खोटं ठरवायला घड्याळाखाली जाऊन बसलेलं नाही. पण शेठपुढं त्याचासुद्धा आवाज बसायचा. शेठ हळू बोलायचा. इतका हळू की तापलेल्या तव्याशेजारी बसून बोलला असता तर तवा गार झाला असता.

मंडपवाला म्हणजे मी. कनाती, छत, गाद्या, लोड, खुर्च्या, असला सगळा माझा धंदा. आणि शेठ म्हणजे कोण, तर जमिनीचे प्लॉट पाडून विकणारा माणूस. त्याच्यापाशी कधी काळी खरंच पैसा होता म्हणतात. मी ओळखतो तेव्हापासून नव्हता. पण शेठ हे नाव चिकटलं ते चिकटलं. आम्ही त्याला शिव्यासुद्धा शेठ म्हणूनच द्यायचो.

झालं होतं असं. उन्हाळ्यात शेठनं करमाडच्या अलीकडं जालना रोडला लागून एक लेआउट काढला आणि त्याचा शुभारंभ ठेवला. मला म्हणाला, "दादा, मंडप असा टाका की रस्त्यावरची गाडी आपोआप थांबली पाहिजे." मी टाकला. गाडीचं सोडा, चिकलठाण्याला उतरणारं विमान दोन घिरट्या मारून गेलं. वैमानिकाला ते पांढरं छत धावपट्टी वाटलं. आता हे मला वैमानिकानं येऊन सांगितलेलं नाही, पण विमान फिरताना मी या डोळ्यांनी बघितलं, आणि दुसरं कारण असतं तर ते पेपरात आलं असतं. त्या मंडपासाठी मी नवं कोरं छत घेतलं होतं. आणि त्या छतासाठी माझ्या बायकोच्या सोन्याच्या पाटल्या पतपेढीत गहाण टाकल्या होत्या. चाळीस हजाराला.

पाटल्या मागितल्या तेव्हा ती एक शब्द बोलली नाही. हातातून काढल्या, फडक्यात बांधल्या आणि माझ्यापुढं ठेवल्या. हे फार वाईट असतं. बोलली असती तर मी पण काही बोललो असतो आणि हिशोब तिथंच मिटला असता.

शुभारंभाला सातशे खुर्च्या मांडल्या होत्या. माणसं आली एकोणीस. त्यातले सात आम्ही, पैसे घ्यायचे असलेले. आचाऱ्यानं पाचशे माणसांची पुरीभाजी आणि बुंदी केली होती. करमाडच्या लोकांनी ती दोन दिवस खाल्ली आणि तिसऱ्या दिवशी आणखी आहे का विचारायला आले. बँडवाले चाचा आपली अठरा माणसं घेऊन एकोणीस जणांपुढं तीन तास वाजवत होते. प्लॉट एकही गेला नाही. संध्याकाळी शेठनं माझं अठ्ठावन्न हजारांचं बिल हातात घेतलं, नीट वाचलं, खाली सही केली आणि सहीखाली लिहिलं, 'बरोबर आहे.'

असं बिल माझ्या आयुष्यात कुणी मंजूर केलं नव्हतं. मी तर खूश होऊन घरी गेलो. वर त्याच्या कचेरीत पाहुण्यांना बसायला काही नाही म्हणाला, म्हणून चौदा खुर्च्या तिथं ठेवूनही आलो. चार दिवसांसाठी.

माझं म्हणणं असं आहे की पळून जाणारा देणेकरी परवडतो. त्याच्या नावानं बोटं मोडायची आणि आपल्या कामाला लागायचं. शेठ पळत नव्हता. शेठ पहिल्या रिंगला फोन उचलायचा. "दादा, तुमचीच आठवण काढत होतो," म्हणायचा, आणि ते खरं असायचं, हीच पंचाईत. गुलमंडीवर एका कापडदुकानाच्या माडीवर त्याची कचेरी, तिथं तो सकाळी दहापासून हजर. मोठे घेणेकरी, म्हणजे बँकवाले आणि जमिनीचे मूळ मालक, सोमवार ते शनिवार येत. आम्हा किरकोळ लोकांना त्यानं रविवार दिला होता. "रविवारी निवांत बोलता येतं," म्हणाला.

तर आम्ही सात जण दर रविवारी निवांत बोलायला जायचो. पहिला महिना आरडाओरडीत गेला. दुसऱ्या महिन्यात जागा ठरल्या. खिडकीपाशी बँडवाले चाचा, पंख्याखाली आचारी, दाराशी चहावाला, कारण त्याला खाली दुकानाकडं बघावं लागायचं. मी मधे. फ्लेक्सवाला आपल्याच छापलेल्या फोटोखाली. आणखी दोघे होते, एक जेसीबीवाला आणि एक पाण्याच्या टँकरवाला. ते दोघं काही बोलायचे नाहीत, फक्त दुसरा बोलला की "व्हय ना" म्हणायचे. आलेला माणूस बसला न बसला की शेठ चहा सांगायचा. चहा खालून चहावाल्याच्याच दुकानातून यायचा आणि शेठच्या खात्यावर मांडला जायचा. म्हणजे आम्ही वसुलीला गेलो की शेठचं कर्ज दर रविवारी सोळा कपांनी वाढायचं. हे चहावाल्याच्या लक्षात आलं होतं, त्यानं आम्हाला बजावलं, "येत जा, पण एकेकच कप घ्या." आम्ही दोन घ्यायचो.

दिवाळी झाली आणि कन्नडहून पत्रिका आली. माझ्या मेहुण्याच्या पोराचं लग्न, मार्गशीर्षात. बायको नवऱ्या मुलाची सख्खी आत्या. तिला तीन वहिन्या. या तिघींच्या नजरेपुढं सोनाराचा कसोटीचा दगड काहीच नाही. रस्त्याच्या पलीकडून बघून दागिन्याचं वजन गुंजेपर्यंत सांगतात, आणि दागिना नसला तर का नाही, तेसुद्धा सांगतात.

बायकोनं पत्रिका देवापुढं ठेवली आणि मला म्हणाली, "तुम्ही जाऊन या."

"म्हणजे? तू आत्या आहेस."

"मोकळे हात घेऊन मी त्या तिघींपुढं उभी राहणार नाय. पाटल्या आल्या तर आत्या येईल. नायतर सांगा, आत्याचे गुडघे दुखतात."

हे ती ओरडून म्हणाली असती तर मी मनावर घेतलं नसतं. तिनं ते भाजी निवडत निवडत म्हटलं. त्या दिवसापासून मला शेठचे अठ्ठावन्न हजार दिसेनात. नुसते चाळीस दिसायला लागले.

पुढच्या रविवारी मी चपला घालतोय तर तीही पदर खोचून तयार. "मी पण येते. बघू तरी तुमचा शेठ." मी म्हटलं, "तिथं सगळी पुरुष माणसं असतात." ती म्हणाली, "टेम्पो आणा."

टेम्पो कशाला ते मला माडीवर गेल्यावर कळलं. ती दारात उभी राहिली, बोटानं खुर्च्या मोजल्या, पाठीवरचं आमच्या दुकानाचं लाल नाव बघितलं आणि म्हणाली, "चौदाच्या चौदा आपल्या. उचला."

कुणीच हललं नाही. मग आचारी उठला, पण खुर्चीचा हात सोडला नाही. "वहिनी," तो म्हणाला, "खुर्च्या नेल्या तर आमी बसायचं कुठं?"

"तुम्ही पैसे मागायला येता का बसायला?"

"आता... दोन्ही," आचारी म्हणाला.

"भाभी, बराबर बोलते तुम," बँडवाले चाचा म्हणाले, "लेकिन मेरा कंबर देखो. खडे रह के तगादा नहीं होता मेरेसे."

जेसीबीवाला म्हणाला, "व्हय ना."

मी म्हणतो, जगात कुठं असं झालं असेल? ज्याला कर्ज आहे तो गप, आणि ज्यांचं घेणं आहे ते सात जण खुर्च्या धरून बसलेले, एका बाईपासून त्याचं सामान वाचवतायत. त्या सातांत मीही होतो, हे कबूल करतो. मीपण बसूनच होतो.

शेठ मात्र उठला. जाग्यावरून पुढं आला, स्वतःची खुर्ची तिच्यापुढं ठेवली आणि खाली मान घालून उभा राहिला. "ताई, बसा. खुर्च्या तुमच्याच आहेत, कधीही न्या. काय झालं ते सांगा."

तिनं सांगितलं. कन्नडचं लग्न, पाटल्या, तीन वहिन्या. तिघींची नावं, स्वभाव आणि माहेरं यांसकट. अर्धा तास लागला. चहा दोनदा आला. शेठनं एकदाही मधे तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाला, "ताई, लग्नाच्या आधी पाटल्या तुमच्या हातात असतील."

जिना उतरताना बायको म्हणाली, "माणूस वाईट नाय." मी कपाळाला हात लावला. सात महिन्यांत मी जे वाक्य मनात येऊ दिलं नव्हतं, ते ती अर्ध्या तासात घेऊन निघाली होती. आणि टेम्पो रिकामा परत गेला, डिझेल माझ्या खिशातलं गेलं.

आता भिशी कुणाच्या डोक्यातून निघाली? मी सगळीकडं सांगतो की चाचांच्या. चाचा म्हणाले हे खरं, "सब हर इतवार को आतेच हैं, एक बीसी डाल लेते. वक्त भी कटेगा, पैसा भी जमेगा." पण त्याआधी तीन दिवस त्यांच्या दुकानी जाऊन, त्यांना पान खिलवून, हे त्यांना कुणी सुचवलं होतं, ते विचारू नका. माझा हिशोब सरळ होता. आठ जण, महिन्याला पाच पाच हजार, चाळीस होतात. पहिली चिठ्ठी लग्नाच्या बारा दिवस आधीच्या रविवारी. ती मला लागली की पाटल्या सुटल्या.

पण आम्ही होतो सात. आठवा कोण?

"मला घ्या ना," शेठ म्हणाला.

आचारी एवढ्या जोरात हसला की खालच्या दुकानात कुणीतरी कापडाचा तागा पाडला. "तू? तू पाच हजार भरणार?"

"बँकेचं थकलं, लोकांचं थकलं, कबूल आहे, मामा. पण भिशी कधी थकवली का मी? कुणालाही विचारा."

आणि इथं आम्ही फसलो. कारण हे खरं होतं. आमच्याकडं माणूस बँक बुडवेल, सासऱ्याचे पैसे बुडवेल, सख्ख्या भावाच्या शेताचा बांध कोरेल, पण भिशीचा हप्ता चुकवणार नाही. भिशी बुडवली की माणूस संपला. मग त्याच्या मयतीलासुद्धा लोक उशिरा येतात. शेठच्या नावावर शहरभर बोंब होती, पण भिशीची एकसुद्धा नव्हती. मी याला कडाडून विरोध केला असं मी सांगत असतो. खरं म्हणजे 'घ्या त्याला' म्हणून पहिला हात माझाच वर गेला होता. मला आठवा पाहिजे होता.

वही कुणाकडं ठेवायची यावरून परत भांडण. आचाऱ्याला फ्लेक्सवाल्यावर भरवसा नाही, फ्लेक्सवाल्याला माझ्यावर नाही, चाचांना लिहिता येतं पण चष्मा सापडत नाही. शेवटी असं ठरलं की हाकेसरशी हमखास सापडणारा, फोन उचलणारा आणि कुठं पळून न जाणारा आमच्यात एकच माणूस आहे. वही शेठकडं गेली. हे आम्ही सात शहाण्या माणसांनी, पूर्ण शुद्धीत, एकमतानं केलं.

त्या आठवड्यात शेठ माझ्या दुकानी आला. जरा बाजूला घेतलं. "दादा, एक हजार द्या. जालन्याचं गिऱ्हाईक आहे, त्याला प्लॉट दाखवायला गाडीत पेट्रोल टाकायचंय. हे झालं की पहिले पैसे तुमचे." मी दिले. कुणाला बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच ते.

चिठ्ठीचा रविवार उजाडला. प्रत्येकानं पाच पाच हजार टेबलावर ठेवले. शेठनंही ठेवले, कोऱ्या करकरीत नोटा. त्याच्या हातून पैसे बाहेर येताना आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. टँकरवाल्यानं तर मोबाईलवर फोटो काढला. चाचांनी बँडची टोपी आणली होती, सोनेरी झालर लावलेली. तिच्यात आठ चिठ्ठ्या पडल्या.

आता माझी चिठ्ठी. बाकीच्यांनी वहीच्या कागदावर नावं लिहिली. मी घरूनच लिहून आणली होती, कन्नडच्या लग्नपत्रिकेचा जाड तुकडा कापून. टोपीत हात घातला की तीच बोटाला लागणार. ही बेईमानी नाही. ही गरज आहे.

चाचांनी डोळे मिटले, टोपीत हात घातला, बराच वेळ चाळवाचाळव केली. त्यांची बोटं माझ्या चिठ्ठीवर आली, हे मला समोरून दिसत होतं. ती तिथं थांबली. मग तिला हळूच बाजूला सारून खाली गेली आणि एक पातळशी चिठ्ठी वर आली.

फ्लेक्सवाल्यानं उघडून वाचली. वाचून परत वाचली. मग नुसतीच शेठपुढं ठेवली.

चार लाखांच्या वर ज्याच्याकडून आमचं येणं, त्यालाच आम्ही आपापल्या खिशातून चाळीस हजार गोळा करून दिले होते. वसुलीची ही पद्धत अजून कुठल्या बँकेला सुचलेली नाही.

"कापा!" आचारी उठला. "आत्ताच्या आत्ता कापा. टेबलावर पैसे हायेत, आपण सात जण हाओत, वाटून घ्या आणि मोकळे व्हा."

"हाथ नक्को लगाओ," चाचा म्हणाले. ते कधी आवाज चढवायचे नाहीत. "बीसी का पैसा अमानत है. जिसकी चिट्ठी, उसका पैसा. अपना उधार अलग, बीसी अलग. आज इसका काटे, तो कल मेरा काटोगे."

आचाऱ्यानं हात मागं घेतला. आमच्यातल्या प्रत्येकानं मनातल्या मनात हात पुढं केला होता, तो मागं घेतला. शेठनं नोटा सावकाश मोजल्या, रबर लावलं आणि अख्खी गड्डी टेबलावरून सरकवत माझ्यापुढं आणली.

"ताईंचे," तो म्हणाला. "शब्द दिलेला आहे. तुमच्या बिलातून चाळीस वजा करा. अठरा राहिले."

मग जे सुरू झालं ते ऐकून खाली रस्त्यावर माणसं थांबली. शहागंजच्या घड्याळाचं मी आता सांगत नाही. "आणि माझं काय?" आचारी म्हणाला. "याच्या हप्त्यात माझे हजार हायेत. पोरीच्या फीचे म्हणून नेले याच गुरुवारी."

"फीचे?" फ्लेक्सवाला म्हणाला. "माझ्याकडून आईच्या औषधाला नेले."

"मेरेकू बोला, बाजा सीखना है, फीस भरता," चाचा म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच हसू फुटलं.

चहावाला दारातून म्हणाला, "मला त्यानं खरंच सांगितलं. म्हणाला, भिशीला कमी पडतायत."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. चार हजार झाले होते, पाचवा उरला होता. मी म्हणालो, "पेट्रोल," आणि गड्डी बनियनच्या आत घातली.

शेठ शांतपणे म्हणाला, "पाचही जणांचे हजार हजार वहीत मांडलेत. बघा हवं तर." आम्ही बघितलं. मांडले होते. खाली लिहिलं होतं, 'बरोबर आहे.'

जिन्यात चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मियाँ, चालीस साल से क्लॅरिनेट बजाता हूँ. छेद कौन सा, ये उँगली से समझता. तुम्हारी चिट्ठी तो शादी का कार्ड थी."

मी म्हटलं, "चाचा, घरी कोरा कागद नव्हता."

"हौ," चाचा म्हणाले. "मालूम है."

सोमवारी पतपेढी उघडायच्या आधी मी दारात उभा होतो. पाटल्या सुटल्या. बायकोनं त्या हातात घातल्या, उजेडात फिरवून बघितल्या आणि म्हणाली, "शेठला लग्नाला बोलवा."

पुढच्या रविवारी कचेरीत माझा चहा बिनसाखरेचा आला. आचारी माझ्याशी बोलेना. खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून बसला. दोस्ती टिकवायची तर काहीतरी करणं भाग होतं. मी कन्नडला मेहुण्याला फोन लावला आणि त्याला पटवलं की तिथला आचारी कच्चा आहे, तिथला बँड बेसूर आहे आणि तिथल्या फ्लेक्समध्ये नवरा मुलगा काळा येतो. मेहुणा रोखीचा माणूस. आचारी, चाचा, फ्लेक्सवाला, तिघांना काम मिळालं, आगाऊ रकमेसकट. मंडप माझा होताच. आचाऱ्यानं खुर्ची परत फिरवली आणि म्हणाला, "तू माणूस लबाड, पण हाय आपला."

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही असे निघालो की वेरूळच्या रस्त्यावरच्या लोकांना वाटलं असेल, सर्कस चाललीय. पुढं माझा टेम्पो, खुर्च्या आणि कनाती लादलेला, मागं आचाऱ्याची भांडी, त्यामागं जीपच्या टपावर ढोल. शेठ माझ्या टेम्पोत, पांढरे बूट घालून, मांडीवर आहेराचं पाकीट. पाकिटात पाचशे एक होते. त्यातले पाचशे त्यानं सकाळी माझ्याकडून घेतले होते. वरचा एक रुपया मात्र त्याचा स्वतःचा होता.

कन्नडला त्या दिवशी घाटाकडून असा गार वारा सुटला होता की आचाऱ्याच्या कढईतलं तेल तापायच्या ऐवजी थिजत होतं. चाचांच्या माणसांची तोंडं क्लॅरिनेटला चिकटून बसली आणि वरात थांबली तरी वाजवणं थांबवता येईना. दोन दिवस मी मंडपाच्या खांबांना धरून होतो. एक कनात तर उडून थेट घाट उतरायला निघाली होती, तिला परत आणली. त्यामुळं आत बायकांत काय झालं ते मला काही बघता आलं नाही. हळद झाली, गोरज मुहूर्तावर लग्न लागलं, आत्याचा मानपान झाला. शेठ मेहुण्याच्या पाहुण्यांत बसून हळूहळू बोलत होता. जेवणं होईपर्यंत त्यातल्या दोघांनी करमाडचे प्लॉट बघायला यायचं कबूल केलं होतं. त्यातला एक तर खरंच आला आणि एक प्लॉट घेऊन गेला. त्यातून आचाऱ्याचे थोडे फिटले, हे आचारी अजून मान्य करत नाही. भिशीचे पुढचे सातही हप्ते शेठनं वेळेवर भरले. माझे अठरा हजार अजून वहीत आहेत, आणि ते बरोबर आहेत.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं टेम्पोनं परत निघालो. ती माझ्याशेजारी, हातात पाटल्या. मी वाट बघत होतो की आपण होऊन काही सांगेल. गाव मागं पडलं. वेरूळ आलं, वेरूळ गेलं. सात महिने, चौदा खुर्च्या, आठ जणांची भिशी, जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी, एवढं सगळं ज्यासाठी केलं, त्याचं काय झालं ते कळल्याशिवाय मला चढणीला गिअर टाकवेना.

"मग?" मी विचारलं. "काय म्हणाल्या वहिन्या, पाटल्या बघून?"

ती खिडकीबाहेर बघत होती.

"हळदीला काढून ठेवल्या होत्या, नक्षीत हळद शिरते. आणि लग्नात गारठा होता, शाल होती अंगावर. कुणी बघितल्या नायत."